घरपोच माणूस

अक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या उंब्रजच्या फाट्यावर, हायवेच्या कडेला, कमोडच्या खुर्चीत बसून पेरू खात होत्या. खुर्ची नवी कोरी होती. शेजारी त्यांची जुनी मोपेड पंक्चर होऊन उभी होती आणि खुर्ची बांधायची दोरी हँडलला गुंडाळून ठेवलेली होती. साताऱ्याकडं निघालेल्या एसटीतली माणसं खिडकीतून माना बाहेर काढून बघत होती. अक्कांचं तिकडं लक्षही नव्हतं. त्यांनी मला फोनवर एवढंच सांगितलं होतं, की फाट्यावर ये, मी दिसतेच.

मी नमस्कार केला आणि कामासाठी आलोय म्हणून सांगितलं. त्यांनी अर्धा पेरू माझ्या हातात दिला, मला खालपासून वरपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "ही खुर्ची एका आज्जीला न्यायची हाय. आपून बसून बघितल्याबिगर दुसऱ्याला बस कसं म्हणायचं? हिचा उजवा पाय डगमगतोय. धर जरा."

मी खुर्चीचा पाय धरला. त्यांनी पर्समधून पाना काढून नट आवळला. तीच माझी मुलाखत, असं मला वाटलं. खरी मुलाखत पुढं होती.

मी शिराळ्याकडचा. सैन्यात जायचं म्हणून बरीच वर्षं पळलो, पण भरतीत दरवेळी छातीच्या मापात मागं राहिलो. मग कोंबड्यांच्या पोल्ट्रीवर काम केलं, दुधाची गाडी चालवली, आणि शेवटी चुलतबहिणीच्या नादानं आजारी माणसांच्या देखभालीचा कोर्स केला. वडिलांना हे अजिबात पटलं नव्हतं. देशाची सेवा करायला निघालेला गडी म्हाताऱ्याकोताऱ्यांची उस्तवार करणार, हे गावात सांगायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. ते विचारणाऱ्याला सांगायचे, "पोरगं दवाखान्याच्या लायनीत हाय."

अक्कांचं बिऱ्हाड कराडात एका पिठाच्या गिरणीवर होतं. दोन खोल्या. एकीत त्या राहायच्या, दुसरीत आमचं ऑफिस. खाली रस्त्यावर पाटी होती, 'घरपोच माणूस मिळेल'. पेंटरनं म्हणे विचारलं होतं, खाली अजून काय लिहू? अक्का म्हणाल्या, एवढंच बास. त्यामुळं वर कोण येईल याचा नेम नसायचा. ऊसतोडीला माणसं पाहिजेत म्हणून मुकादम यायचे. वास्तुशांतीला वाढपी हवेत म्हणून कुणी यायचं. एकदा एक गृहस्थ आले, बराच वेळ घुटमळले आणि मग हळूच विचारलं, घरजावई मिळेल का? अक्कांनी त्यांना बसवलं, चहा पाजला, घरची सगळी विचारपूस केली. बोलता बोलता कळलं की त्यांची आई अंथरुणाला खिळून आहे आणि म्हणून मुलीला घराबाहेर धाडायची त्यांची तयारी नाही. दुसऱ्या दिवसापासून आमची सुमनताई त्या आईकडं जायला लागली. मुलीचं लग्न पुढं रीतसर झालं, आणि अक्का तिथं वरमाईपेक्षा जास्त मिरवून आल्या.

अक्का पूर्वी साताऱ्यात एका मोठ्या दवाखान्यात सिस्टर होत्या. ती नोकरी का सोडली, याचं कारण दरवेळी वेगळं सांगायच्या. कधी म्हणायच्या, डॉक्टरशी भांडले. कधी म्हणायच्या, दवाखान्याच्या पांढऱ्या बुटांनी पाय सोलायचे. एकदाच, मोपेडवर मागं बसलो होतो तेव्हा, वाऱ्यात मान वळवून म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाला इचारावं, कुठं दुखतंय? तर म्हणायचं, घरी जायचंय. आता ह्याच्यावर आमच्याकडं गोळी न्हवती." मला तेवढं कारण खरं वाटलं.

खरी मुलाखत अशी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं की संध्याकाळपर्यंत हात वापरायचे नाहीत. सुमनताईनं मला भरवायचं, पाणी पाजायचं, तोंड पुसायचं. ही सुमनताई अक्कांची सगळ्यात जुनी बाई, पण त्या दिवशी तिला सांगून ठेवलेलं होतं, की वाईट काम कर. ती घास भरवायची आणि जिन्यातून गिरणीवाल्याशी गप्पा मारायची. आमटी हनुवटीवरून गळ्यात उतरली. पाणी नाकात गेलं. दुपारी मला अंघोळीचं विचारलं तेव्हा मी जोरात नको म्हटलं. संध्याकाळी अक्कांनी विचारलं, सगळ्यात अवघड काय गेलं? मी म्हणालो, नाकावर माशी बसली होती ती. त्या खूश झाल्या. आधीची पोरं म्हणे आमटीचीच तक्रार करायची.

पेशंट हा शब्द त्यांच्याकडं चालत नसे. कुणाच्या तोंडून निघाला की त्या म्हणायच्या, पेशंट दवाखान्यात असतोय, घरात घरमालक असतोय, आपून पावणं. नव्या घरी जायचं तर आधी गल्लीत चौकशी करायची की या माणसाला लोक काय म्हणायचे. मास्तर म्हणत असतील तर मास्तर म्हणायचं, वस्ताद म्हणत असतील तर वस्ताद. उगाच सगळ्यांना आजोबा-आजोबा करत सुटायचं नाही. गंमत म्हणजे मला मात्र सगळ्या घरांत 'मामा' म्हणायचे, दवाखान्यातल्या वॉर्डबॉयला म्हणतात तसं. ऐंशी वर्षांच्या माणसांचा मी मामा होतो.

अक्का प्रेमळ होत्या असं मी म्हणणार नाही. त्या भांडखोर होत्या. माणसाला रोज औषध लागतं तसं थोडं भांडणही लागतं, ते नसलं की माणूस वाळतंय, असं त्यांचं ठाम मत होतं. घरातली माणसं म्हाताऱ्यांशी भांडत नाहीत, नुसतं हो-हो म्हणतात. म्हणून ते काम अक्का स्वतः करायच्या. सांगलीत एक देशपांडेकाकू होत्या, गुडघ्यांमुळं घराबाहेर न पडणाऱ्या. त्यांच्याकडं जाऊन अक्का दर आठवड्याला वाद घालायच्या, साताऱ्याचा कंदी पेढा मोठा की सांगलीचं भडंग. काकू आठवडाभर मुद्दे गोळा करायच्या. शेजारणीला विचारायच्या, भाचेसुनेला फोन करायच्या. एकदा अक्का गेल्या आठवड्यात आपण कुठल्या बाजूनं होतो तेच विसरल्या आणि भडंगाची बाजू घेऊन बसल्या. काकू क्षणभर गोंधळल्या, मग तितक्याच हिरिरीनं पेढ्याच्या बाजूनं लढल्या. परत निघताना त्या वॉकर धरून दारापर्यंत आल्या होत्या, शेवटचा मुद्दा राहिला म्हणून.

पण अक्कांची खरी ओळख म्हणजे खाट. नव्या घरी गेल्या की त्या चप्पल काढायच्या, म्हाताऱ्या माणसाला नमस्कार करायच्या, त्यांना धरून खुर्चीत बसवायच्या आणि मग त्यांच्याच खाटेवर उताण्या पडायच्या. हात पोटावर, डोळे उघडे. बराच वेळ. घरातली माणसं चमकून एकमेकांकडं बघायची. काहींना वाटायचं बाईला चक्कर आली. सांगलीत एका सुनेनं तर कांदा फोडून आणला होता, नाकाला लावायला. अक्का बोलायच्या नाहीत. उठल्या की सांगायच्या, ट्यूबलाइट डोळ्यांवर येतोय, घड्याळ डोक्यामागं गेलंय, दारातून कोण आलं ते दिसत नाही. आणि खाट फिरवायला लावायच्या.

मला पहिलं मोठं काम मिळालं ते उंब्रजपासून आत, उसातून रस्ता जातो त्या एका गावात. निवृत्त सुभेदार. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. बायको आधीच गेलेली, मुलगा स्वतः सैन्यात, लांब सरहद्दीवर. घर, शेत आणि सासरा असं सगळं सून एकटी ओढत होती. तिला मी वहिनी म्हणायचो. सुभेदारांनी आधीची दोन माणसं पळवून लावली होती, एकाला पेला फेकून आणि दुसऱ्याला नुसतं बोलून. जेवण निम्म्यावर आलं होतं. मुलाचं म्हणणं होतं की त्यांना पुण्यात एखाद्या सोयीच्या ठिकाणी ठेवावं. तो विषय निघाला की सुभेदार डोळे मिटून घ्यायचे.

अक्का माझ्याबरोबर आल्या. सुभेदार मधल्या अंधाऱ्या खोलीत होते. दोघांनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं, आणि अक्का त्यांच्या खाटेवर आडव्या झाल्या.

सुभेदारांना राग आला की हिंदी यायची. जीभ जड झाली होती तरी शब्द कळले. "कौन है ये औरत?"

"आवं सुभेदार, जरा गप बसा," अक्का पडल्या पडल्या म्हणाल्या. "मला बघू द्या."

ते खरंच गप बसले. अशा पद्धतीनं त्यांच्याशी बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नसावं. थोड्या वेळानं अक्का उठल्या आणि वहिनीला म्हणाल्या, "भित, पंखा आन् कोनाड्यातल्या औषधाच्या बाटल्या. दिसभर ह्यास्नी काय दिसतंय, तर आपलं दुखणं. खाट सोप्यात घ्या."

सोपा म्हणजे घराची पुढची, रस्त्याकडं उघडी असलेली ओसरी. वहिनी कबूल होईना. तिचं म्हणणंही सरळ होतं. समोरून डेअरीला जाणारी माणसं, पाहुणेरावळे. तिथं त्यांचं सगळं करायचं कसं? शिवाय थंडीत तिथं वारं लागतं आणि त्यांना खोकला आहे. आणि मग ती जरा घुटमळून म्हणाली की एवढा रुबाबात राहिलेला माणूस, त्यांना असं पडलेलं येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघायचं का?

मग खुर्चीतून आवाज आला. सुभेदार एकेक शब्द तोंडात गोळा करून बोलत होते. "लोकास्नी मला बघू दे, न्हाईतर नको बघू दे. मला लोकं बघू दे."

वहिनीनं पदर डोळ्यांना लावला आणि खाटेचं एक टोक उचललं.

अंघोळीपुरता आडव्या दोरीवर एका जुन्या लुगड्याचा पडदा बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचं तोंड धुत होतो, तेवढ्यात रस्त्यावरून भरतीची तयारी करणारी पोरं पळत गेली. आमच्याकडं गावोगाव असा एक कळप असतोच. सुभेदारांनी मान वळवली. पोरं परत येताना सुभेदारांनी जी आरोळी ठोकली, तिनं गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "घुटना ऊपर!" पोरं हसत निघून गेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांतला एक थांबला आणि विचारायला लागला, तात्या, मग हात कसे ठेवायचे? आठ-पंधरा दिवसांत सगळी ओळीनं सोप्यासमोर उभी राहायला लागली. अक्का म्हणाल्या, डॉक्टरांनी सांगितलेला तोंडाचा व्यायाम परस्पर हुतोय, बोलू नका कुणी काय. जेवण वाढलं. वहिनीची तक्रार आता वेगळी झाली, की सासऱ्यांचा आवाज एसटीच्या थांब्यापर्यंत ऐकू जातो.

त्यांनी मलाही सोडलं नाही. एकदा विचारलं, तू का न्हाई गेलास फौजेत? मी सांगितलं, छाती फुगली नाही. त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं.

"उचल मला," ते म्हणाले.

मी काखेत हात घालून त्यांना उचललं आणि खुर्चीत ठेवलं. त्यांचं वजन काही कमी नव्हतं.

"झाली भरती," ते म्हणाले.

ही गोष्ट मी पुढं कधीतरी वडिलांना सांगितली. त्यानंतर पोरगं दवाखान्याच्या लायनीत आहे, असं त्यांनी कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. सुभेदारांकडं असतो, असं सांगायला लागले.

मार्गशीर्षातली थंडी पडली आणि वहिनीचं खरं झालं. सुभेदारांचा खोकला वाढला, ताप आला. अक्का मोपेडवरून आल्या तेव्हा वहिनीनं त्यांना अंगणातच गाठलं आणि मनात होतं ते सगळं बोलून घेतलं. अक्कांनी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तुमचं खरं हुतं. मी खाटंवर पडले ती उन्हाच्या येळंला. वारं मी बघितलंच न्हाई." मग पदर खोचून स्वतः शिडीवर चढल्या आणि वाऱ्याच्या बाजूनं ताडपत्री बांधली. मी खाली शिडी धरून उभा होतो. वरून सूचना चालू होत्या, तू शिडी धरलीयस का शिडीनं तुला. ताप उतरला. खाट सोप्यातच राहिली.

त्या पोरांतला एकजण पुढं भरती झाला. पहिल्या सुट्टीला तो गणवेशात आला आणि सोप्यासमोर कडक सॅल्यूट ठोकून उभा राहिला. सगळी गल्ली जमली होती. सुभेदारांनी त्याला डोक्यापासून बुटापर्यंत सावकाश तपासलं. आम्ही वाट बघत होतो, आता काय म्हणणार. ते म्हणाले, "बटण." खिशाचं एक बटण उघडं होतं. वहिनी हसता हसता खालीच बसली.

सुभेदार त्यानंतर चांगली काही वर्षं होते. गेले ते सोप्यातच, सकाळी, ऊन पायावर आलेलं असताना.

अक्का पडल्या ते त्यानंतरच्या वर्षी. गिरणीच्या जिन्यावर कायम पिठाचा थर असायचा. त्या रोज चढताना गिरणीवाल्याला शिव्या घालायच्या आणि रोज चढायच्या. एका सकाळी पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. सांगलीहून त्यांची भाची आली. ती बँकेत अधिकारी होती, आणि अक्कांना जवळचं असं तेवढंच माणूस. तिनं आपल्या फ्लॅटमध्ये एक खोली आधीच रिकामी करून ठेवली होती. लिफ्ट होती, खिडकीतून कृष्णा दिसायची. अक्का म्हणाल्या, "मी माझ्या घरी जाणार."

भाची दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन रडली. आम्हाला म्हणाली, मावशीनं जन्मभर दुसऱ्यांना त्यांच्या घरी ठेवलं. पण तो जिना, ती गिरणी, तिथं तिला कोण ठेवणार? आम्ही म्हणालो, आम्ही आहोत की. तिला ते पटलं नाही, पण ती म्हणाली, दिवाळीपर्यंत बघते. जमलं नाही तर मी घेऊन जाणार, मग तिला कितीही आरडाओरडा करू दे.

आम्ही चौघांनी अक्कांना खुर्चीत बसवून जिन्यावरून वर नेलं. त्या वर पोचेपर्यंत सूचना देत होत्या. घरी पोचलो आणि आम्हाला कळलं की इतक्या वर्षांत इतकं अवघड माणूस आम्हाला भेटलंच नव्हतं.

सुमनताई पहिल्या दिवशी तासाभरात खाली आली. तुझं निम्मं लक्ष घड्याळात असतंय, असं तिला सांगण्यात आलं होतं. दुसरीच्या हाताला कांद्याचा वास येत होता. तिसरी फार गोड बोलत होती. मी गेलो तो अक्कांचीच विद्या वापरायला. त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या खाटेवर उताणा पडलो.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"गिरणीचा पत्रा, अक्का. खाट खिडकीकडं फिरवतो."

"हात लावू नको. मला पत्राच बघायचाय."

हसावं की काय करावं कळेना, पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्या कुणाला अंघोळ घालू देत नव्हत्या. ओलं फडकं मागून घ्यायच्या, आम्हाला बाहेर घालवायच्या आणि हात पोचेल तेवढं पुसून घ्यायच्या. संडासला जायचं तर हाक मारायच्या नाहीत. एकदा एकट्याच उठायला गेल्या आणि सुमनताईनं वेळेवर धरलं म्हणून निभावलं. केसांचा घट्ट अंबाडा घालणारी ही बाई, तिच्या केसांची आता जट व्हायला लागली होती. सुमनताई म्हणाली, "मला वाटतं त्यांना कुणी हात लावलेला सोसतच न्हाई रं. आख्ख्या जन्मात कुणी लावलाय कुठं? ह्याच समद्यांना लावणार." भाची रविवारी आली, तिनं त्या केसांकडं बघितलं. जाताना जिन्यात मला म्हणाली, आता दिवाळीची वाट बघत नाही, पुढच्या रविवारी मी टेम्पो घेऊन येते, कपाट आणि खाट न्यायला. मला नाही म्हणता आलं नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

त्याच आठवड्यात आमच्याकडं पारूबाई कामाला आली. शिराळ्याकडचीच, चाळिशीची, जन्म शेतात गेलेला. अंगात ताकद भरपूर, पण आजारी माणसाला हात लावायचं तिला भलतं भय. हाताखाली काही मोडेल असं तिला वाटायचं. कोयनानगरच्या एका आज्जींकडं तिला लगेच पाठवायचं होतं आणि तिला शिकवणारं कुणी नव्हतं. ते काम कायम अक्काच करायच्या. मी तिला वर घेऊन गेलो ते एवढंच विचारायला, की हिला शिकवू कसं?

अक्कांनी पारूबाईकडं बघितलं. "म्हस धुतलीस का कवा?"

"रोज धुते की."

"म्हस लाथ मारती. मी मारत न्हाई. ये हिकडं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पाणी ठेव तापायला, आन् भाईर जा."

मी पाणी ठेवलं आणि जिन्यात येऊन बसलो. आतून अक्कांचा आवाज येत होता, पहिल्यासारखा खणखणीत. हात आधी गरम कर. खांद्याखाली घाल, माझ्या खांद्याखाली, हवेत न्हवं. हात लावायच्या आधी सांगत जा, माणूस दचकतंय. मग बादलीचा आवाज, तांब्याचा आवाज, मध्येच पारूबाईचं घाबरं 'व्हय, व्हय'. गिरणीवाला पीठ झटकत वर आला आणि माझ्या शेजारी बसला. शिकेकाईचा वास यायला लागला. मग अक्कांचा आवाज कमी कमी होत गेला आणि थांबला.

दाराआडून पारूबाईची हळू हाक आली, "आवं मामा, ह्या बोलंनात."

मी धावत आत गेलो. अक्का खाटेवर आडव्या होत्या, अंगावर स्वच्छ पातळ, डोकं खाटेच्या कडेबाहेर पारूबाईच्या तळहातावर. खाली परात होती आणि त्यांचे पांढरे केस पाण्यात मोकळे पसरले होते. तोंड जरासं उघडं होतं. त्या घोरत होत्या.

पारूबाईचा हात अवघडला होता, पण तिनं तो काढला नाही. मी खुणेनं विचारलं, मी धरू का? तिनं मान हलवली. नको. आम्ही तसेच थांबलो. गिरणीवाल्यानं खाली जाऊन गिरणी बंद केली, तेवढंच एक कळलं.

बऱ्याच वेळानं अक्कांनी डोळे उघडले. पारूबाई, मी, परात, सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"मी झोपले न्हवते," त्या म्हणाल्या. "मान किती येळ धरतीस ते बघत हुते."

"धरली की," पारूबाई म्हणाली.

"धरलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी मला बोलावून विचारलं, अजून कोण नवीन आलंय? मी सांगितलं की नवीन कुणी नाही. मग त्या म्हणाल्या, जुनी तरी कुठं नीट शिकलीयत, पाठव एकेकाला. सुमनताई वर गेली, ती विद्यार्थिनी म्हणून. तिला उठवून बसवायचा धडा परत पहिल्यापासून शिकवण्यात आला. अक्का उठून बसल्या. त्यांना वॉकर धरून दारापर्यंत न्यायचं शिकवण्यात आलं. अक्का दारापर्यंत गेल्या. वाट्टेल तेवढ्या शिव्या खाव्या लागायच्या, पण त्यांची अंघोळ, औषध, व्यायाम सगळं वेळेवर व्हायला लागलं. आम्ही एकमेकांकडं बघायचो, बोलायचो नाही.

रविवारी भाची टेम्पो घेऊन आली. वर आली तेव्हा खोलीत मी, सुमनताई आणि कोयनानगरहून मुद्दाम आलेली पारूबाई, असे तिघं खाटेभोवती उभे होतो. अक्का आडव्या पडून एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कसं वळवायचं ते सांगत होत्या. केस धुतलेले, अंबाडा घट्ट. भाची दारातच थांबली.

अक्कांनी तिला बघितलं. "चप्पल काढ. हात धू. आन् हिकडं ये."

तिनं पर्स खाली ठेवली, हात धुतले आणि खाटेजवळ आली. ती हुशार बाई होती, पण त्या क्षणी तिला हात कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. नंतर ती मला म्हणाली की शहाणी झाल्यापासून आपण मावशीला नमस्काराशिवाय कधी हात लावला होता का, तेच आठवेना. अक्का तिच्या तोंडाकडं बघत होत्या. शिकवणाऱ्या आवाजात, पण जरा हळू, त्यांनी तिला सांगितलं, की एक हात खांद्यामागं, एक कमरेशी, आणि आधी माणसाला विचारायचं.

"मावशी," भाची म्हणाली, "हात लावू?"

"लाव," अक्का म्हणाल्या.

तिनं त्यांना धरून हळूहळू उठवलं आणि बसवलं. अक्का बसल्या, तरी तिनं हात काढला नाही, आणि काढ म्हणून अक्काही म्हणाल्या नाहीत.

खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. शेवटी भाचीनं एका हातानं मावशीला धरूनच खिडकीकडं मान वळवली आणि त्याला सांगितलं की तुम्ही जा, आज इथं शिकवणी आहे. त्यानं खालून विचारलं, मग पुढच्या रविवारी येऊ का?

"टेम्पो नको," ती म्हणाली. "मी एसटीनं येईन."